इंजिन तेच, गाड्या दोन: यामाहा आर७ आणि टेनेरे ७००

स्पोर्ट्‌स बाइक घ्यावी की ॲडव्हेंचर टूरर, हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या जोड्या समोरासमोर उभ्या करून घातला जातो. एका बाजूला दोनशे अश्वशक्तीच्या घरातली हजार सीसीची गाडी आणि दुसऱ्या बाजूला पेट्या लावलेली, अडीचशे किलोंची गाडी ठेवली, की चर्चा इंजिनावर आणि वजनावर घसरते आणि बाइकच्या प्रकाराचा मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून या परीक्षणासाठी मी यामाहाच्या दोन गाड्या निवडल्या आहेत: २०२१ साली आलेली वायझेडएफ-आर७ ही स्पोर्ट्‌स बाइक आणि २०१९ साली विक्रीला आलेली टेनेरे ७०० ही ॲडव्हेंचर टूरर, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही लांबच्या प्रवासाला नेता येणारी गाडी. दोन्हींत ६८९ सीसीचे, दोन सिलिंडरचे सीपी२ इंजिन आहे, दोन्हींची ताकद ७३ अश्वशक्तीच्या आसपास आहे आणि टॉर्कही (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ६७-६८ न्यूटन मीटर, म्हणजे जवळजवळ सारखाच. इंजिन दोन्हीकडे सारखे धरले, की जो फरक उरतो तो बसण्याचा, चाकांचा, सस्पेन्शनचा आणि चौकटीच्या मापांचा. दोन्ही गाड्या चांगल्या-वाईट रस्त्यांवर मनसोक्त चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की यांतली निवड वेगाच्या हौसेवरून करू नये. आपण ज्या रस्त्यांवरून जातो ते आपल्याला किती ठाऊक असतात, त्यावरून करावी.

इंजिनाविषयी थोडे सांगून पुढे जातो, कारण ते दोन्हीकडे उत्तम आहे. क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) २७० अंशांचे असल्यामुळे दोन सिलिंडरमधले स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक अंतर २७० अंशांचे, तर दुसरे ४५० अंशांचे असते. या विषम लयीमुळे थ्रॉटल किती उघडला आणि मागच्या चाकाला किती जोर मिळाला, याचा अंदाज चालवणाऱ्याला सहज येतो. टेनेरेचे मागचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) मोठे असल्यामुळे तिचे गिअर आखूड पडतात, ती कमी वेगात अधिक तत्पर वाटते आणि महामार्गावर तिचे इंजिन त्याच वेगाला थोडे जास्त फिरते. आर७ मध्ये असिस्ट-स्लिपर क्लच आहे, त्यामुळे वळणाआधी भराभर गिअर उतरवताना मागचे चाक उड्या मारत नाही. इंजिनाच्या बाबतीत सांगण्याजोगा फरक एवढाच.

खरा फरक पुढच्या चाकापासून सुरू होतो. आर७ चे पुढचे चाक १७ इंचांचे आणि टायर १२० मिलिमीटर रुंद, तर टेनेरेचे चाक २१ इंचांचे आणि टायर केवळ ९० मिलिमीटर रुंद आहे. आर७ चा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांतले अंतर, १३९५ मिलिमीटर, टेनेरेचा त्याहून तब्बल २०० मिलिमीटर जास्त. आर७ चा पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) साधारण पावणेचोवीस अंशांनी कललेला, म्हणजे बराच उभा आहे. टेनेरेचा २७ अंशांनी कललेला आहे. पुढच्या सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली किती हलू शकते ते माप, आर७ मध्ये १३० मिलिमीटर, टेनेरेमध्ये २१०. जमिनीपासूनची उंची आर७ ची १३५, टेनेरेची २४० मिलिमीटर. हे आकडे माहितीपत्रकात रुक्ष दिसतात, पण वळणावर गाडी काय करते ते बहुतांशी यांनीच ठरवलेले असते.

एक डावे वळण घेऊ. डांबर कोरडे, स्वच्छ आणि सपाट आहे, आणि वळणाचा शेवट दिसतो आहे. आर७ वर तुम्ही वळणाआधी ब्रेक दाबता, डावे क्लिप-ऑन (फोर्कला जोडलेले आखूड हँडल) हलकेच पुढे ढकलता आणि गाडी तत्क्षणी डावीकडे कलते. कलल्यावर ती त्या कोनात स्थिर राहते; सारखे सांभाळत बसावे लागत नाही. पुढच्या टायरवर तुमच्या धडाचे बरेच वजन असल्यामुळे रस्त्याची खरखर, टायरची पकड आणि फोर्क किती दबला आहे, हे सगळे तळहातापर्यंत पोहोचते. मला या गाडीचे सर्वांत मोठे मोल इथेच वाटते. ती चालवणाऱ्याला सतत माहिती देते, आणि माहिती मिळत असेल तर माणूस आपली मर्यादा ओलांडण्याआधी थांबू शकतो. स्पोर्ट्‌स बाइक म्हणजे धोका, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ओळखीच्या, चांगल्या रस्त्यावर कायदेशीर वेगात ती चालवून पाहावी. त्या परिस्थितीत दोघींपैकी ती मला अधिक निर्धास्त वाटते.

तेच वळण टेनेरेवर वेगळे घडते. रुंद हँडलमुळे गाडी कलवायला जोर लागत नाही, पण मोठे पुढचे चाक आणि लांब फोर्क यांमुळे सुरुवातीला क्षणभर ढिलाई जाणवते. तुम्ही सूचना देता, गाडी ती ऐकते, आणि मग वळते. ब्रेक दाबला की लांब फोर्क आधी खाली बसतो आणि त्यानंतर टायरवर पुरता भार येतो. म्हणून लिव्हर एकदम न दाबता दोन टप्प्यांत, आधी हलका आणि मग घट्ट, दाबण्याची सवय करावी लागते. अरुंद टायरमुळे पुढच्या चाकाची पकड कुठे संपते हे आर७ इतके स्पष्ट कळत नाही. चांगल्या डांबरावर टेनेरे वाईट नाही, पण तिथे ती चालवणाऱ्याला अंधारात ठेवते, असे मी स्पष्टच म्हणेन.

आता त्याच वळणात, ऐन मध्यावर, टिप्परमधून सांडलेली बारीक खडी पसरली आहे असे समजा, आणि ती तुम्हाला अगदी जवळ गेल्यावर दिसते. आर७ वर तुमचे वजन पुढे आहे, हात टेकलेले आहेत, गाडी बरीच कललेली आहे आणि सस्पेन्शन आखूड आहे. पुढचे चाक खडीवर गेले की ते बाहेर सरकू लागते आणि सावरायला फारच थोडा वेळ उरतो. टेनेरेवर तुम्ही ताठ बसलेले असल्यामुळे ती खडी मुळात आधी दिसते. गाडी सरकलीच, तर रुंद हँडलमुळे तिला धरून ठेवण्याइतका जोर हातात असतो, आणि २१ इंची चाक सुट्या खडीवरून पुढे निघून जाण्याची शक्यता अधिक असते. खड्डा आला तर फरक आणखी मोठा. आर७ मध्ये खड्ड्याचा दणका मनगटात आणि कमरेत बसतो, गाडी ठरलेल्या रेषेवरून बाजूला उडते; टेनेरेचे चाक खाली जाते, वर येते आणि गाडी आपल्या रेषेतच राहते.

याचा परिणाम असा होतो, की अनोळखी रस्त्यावर टेनेरे प्रत्यक्षात वेगवान ठरते. आर७ चा चालक प्रत्येक आंधळ्या वळणाआधी वेग उतरवतो, आणि त्याने तो उतरवायलाच हवा. टेनेरेच्या चालकाकडे चुकीच्या अंदाजासाठी जागा शिल्लक असते, म्हणून त्याचा सरासरी वेग टिकून राहतो आणि थकवा कमी येतो. ताकद सारखी आणि वजन १६ किलो जास्त, आर७ चे १८८ आणि टेनेरेचे २०४ किलो, तरीही दिवसाच्या शेवटी जास्त अंतर टेनेरे कापते. मात्र या उदारपणाची दुसरी बाजूही आहे. गाडी सगळे झेलते आहे असे पाहून चालक हळूहळू वेग वाढवत नेतो, आणि ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा खडबडीत ठशांचा टायर आणि बुडी मारणारा फोर्क त्याला रोखण्यात आर७ इतके तत्पर नसतात. आर७ ला पुढे २९८ मिलिमीटरच्या दोन डिस्क आणि चार पिस्टनचे रेडियल कॅलिपर (डिस्क आवळणारे ब्रेकचे भाग) आहेत; टेनेरेला २८२ मिलिमीटरच्या डिस्क आणि दोन पिस्टनचे कॅलिपर. टेनेरेचे ब्रेक कच्च्या रस्त्यासाठी मुद्दाम सौम्य ठेवले आहेत आणि ते योग्यच आहे, पण महामार्गावर पुढच्या गाडीपासून अंतर राखताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कच्च्या रस्त्याबद्दल तुलना अशी उरतच नाही. आर७ तिथे नेऊ नये. टेनेरेवर फूटपेगवर उभे राहिल्यावर हँडल बरोबर हाताशी येते, निमुळती टाकी गुडघ्यांत धरता येते आणि गाडी पायांखाली मोकळी हलते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करण्याची सोय आहे, आणि ती गरजेची आहे, कारण रेतीच्या उतारावर लॉक झालेले चाक पुढे रेतीचा ढीग साठवून गाडी थांबवते, तर एबीएस ते चाक पुन्हा पुन्हा सोडत राहते. २१० मिलिमीटरचा प्रवास दगडगोट्यांत पुरतो. मात्र सीट ८७५ मिलिमीटर उंच असल्यामुळे ज्यांचे पाय जेमतेम टेकतात, त्यांना उतारावर वळताना किंवा चिखलात थांबताना त्रास होतो. टेनेरे पडते ती बहुतेक वेळा अशा थांबलेल्या किंवा रांगत्या क्षणीच. टाकी उंचावर असल्यामुळे ती भरलेली असताना वरचा भार चांगलाच जाणवतो. आर७ ची सीट ८३५ मिलिमीटरची आहे. तीही कमी नव्हे, पण वजन खाली असल्यामुळे दोन्ही पायांवर गाडी तोलणे सोपे जाते.

बसण्याच्या ठेवणीविषयी सरधोपट समज असा, की स्पोर्ट्‌स बाइक पाठ मोडते आणि ॲडव्हेंचर बाइक आराम देते. शहरातल्या रेंगाळत्या वाहतुकीत हे अगदी खरे आहे; आर७ वर धडाचा सगळा भार मनगटांवर येतो आणि थोड्याच वेळात तळहात बधिर होतात. पण महामार्गाच्या वेगाला वारा छातीखाली आधार देऊ लागतो आणि मनगटे बरीचशी मोकळी होतात. पोट आणि मांड्या वापरून, टाकीला गुडघे घट्ट लावून बसण्याची सवय केली, तर आर७ वर लांबचा पल्ला शक्य आहे. उलट टेनेरेवर ताठ बसल्यामुळे वारा थेट छातीवर आणि हेल्मेटवर आदळतो, आणि सपाट, पातळ सीट दोन तासांनंतर टोचू लागते. आरामाचे पारडे तरीही टेनेरेकडेच झुकते, कारण तिच्यावर बसण्याची जागा बदलता येते, उभे राहता येते आणि गुडघे कमी दुमडावे लागतात.

लांबच्या प्रवासात पंक्चरचा विचार लोक गाडी घेऊन झाल्यावर करतात. तो आधी करावा. आर७ ची चाके मिश्रधातूची आहेत आणि टायर ट्यूबलेस आहेत. खिळा बसला, तर चाक न काढता रबराची पट्टी आत कोंबून हवा भरली की निघता येते. टेनेरेची चाके तारांची आहेत. ती दगडावर आपटली तर सहसा तुटत नाहीत, वाकतात, आणि वाकलेले चाक ठाकूनठोकून चालवता येते. पण आत ट्यूब असल्यामुळे पंक्चर झाल्यावर चाक उतरवून, टायर पटाशीने सोडवून ट्यूब काढावी लागते. मागचे चाक रस्त्याच्या कडेला एकट्याने उतरवणे हे कष्टाचे काम आहे. टेनेरे घेणाऱ्याने हे काम घरी, सावलीत, घाई नसताना करून शिकून घ्यावे. तोवर दूरच्या वाटेला एकट्याने लागू नये असे माझे ठाम मत आहे.

इंधनाचा वापर दोन्हींचा, कंपनीच्या आकड्यांनुसार, १०० किलोमीटरला सव्वाचार लिटरच्या जवळपास आहे. आर७ ची टाकी १३ लिटरची आणि टेनेरेची १६ लिटरची असल्यामुळे टेनेरे एका टाकीत साधारण ६०-७० किलोमीटर जास्त जाते. सामानाच्या बाबतीत आर७ जवळजवळ हतबल आहे: टाकीवर छोटी पिशवी, मागच्या सीटवर एक गाठोडे, आणि संपले. मागे बसणाऱ्या व्यक्तीसाठी तर तिची मागची सीट ही निव्वळ नावापुरती जागा आहे. जोडीने प्रवास करायचा असेल तर आर७ चा विचारच सोडून द्यावा. टेनेरेवर दोघांना बसता येते, पण तिचे सस्पेन्शन मागे घट्ट करून घेतल्याशिवाय निघू नये, नाहीतर पुढचे चाक हलके होऊन हँडल डगमगते.

या दोन्ही गाड्या आपापल्या घराण्यातल्या सौम्य गाड्या आहेत, हेही नोंदवले पाहिजे. आर७ ही यामाहाच्याच १९९८ च्या पहिल्या आर१ ने ज्या टोकाच्या गाड्यांची चढाओढ पेटवली, त्या रांगेतली नव्हे. तिची ताकद त्या आर१ च्या निम्म्याच्या आसपास आहे. टेनेरेच्या मागे पॅरिस-डकार या वाळवंटातून जाणाऱ्या शर्यतीचा वारसा आहे. १९७९ साली तिथे पहिल्यांदा जिंकलेली मोटरसायकल यामाहाची एक्सटी५०० होती, आणि १९८३ च्या पहिल्या एक्सटी६००झेड टेनेरेला वाळवंटासाठी ३० लिटरची टाकी होती. आजची टेनेरे त्या मानाने रस्त्याशी बरीच तडजोड करते. ही सौम्यता मला दोन्हींचा गुण वाटते. ७३ अश्वशक्ती रस्त्यावर पूर्णपणे वापरता येते. दोनशे अश्वशक्तीची गाडी रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच कायदा मोडते आणि तिच्या चालकाला तिचा खरा स्वभाव कधी कळतच नाही.

ज्याचा रोजचा मार्ग ठरलेला आहे, सुटीच्या दिवशी पहाटे ओळखीच्या घाटात जाऊन न्याहारीपर्यंत परतायचे आहे, किंवा अधूनमधून ट्रॅकवर जाऊन कौशल्य वाढवायचे आहे, त्याने आर७ घ्यावी. शरीराची ठेवण, नजर कुठे ठेवायची, ब्रेक हळूहळू कसा सोडत वळणात शिरायचे, या गोष्टी ती इतक्या स्पष्टपणे शिकवते की त्या पुढे कोणत्याही गाडीवर उपयोगी पडतात. ज्याला नकाशावर बोट ठेवून निघायचे असते आणि पुढे डांबर आहे की मुरूम हे तिथे पोहोचल्यावर कळणार असते, त्याने टेनेरे घ्यावी. मला एकच ठेवायची झाली तर मी टेनेरे ठेवेन, कारण माझे बहुतेक रस्ते अनोळखी असतात.

चाचणीसाठी गाडी घेताना एक काळजी घ्या. शोरूमभोवतालच्या गुळगुळीत रस्त्यावरच्या छोट्या फेरीत आर७ हमखास मन जिंकते आणि टेनेरे उंच, मऊ, जराशी अवजड वाटते. शक्य असेल तर दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, किमान तासभर चालवा. त्या रस्त्यात खराब डांबराचा एक तुकडा, एक गतिरोधक आणि चढावर पूर्ण वळून मागे फिरण्याची एक जागा असू द्या. टेनेरेवर दोन्ही पाय टेकतात का हे रायडिंगचे बूट घालूनच तपासा, आणि आर७ वरून उतरल्यावर मनगटे आणि मान कशी आहेत याचा अंदाज लगेच न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.