कोहा आणि आमच्या वाचनालयाची तालिका : आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात कोहा ही ग्रंथालयाचे काम सांभाळणारी मुक्त संगणक प्रणाली सुरू होऊन आठ महिने झाले. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागाच्या ग्रंथालयांसाठी ती तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत वापरात आली. माओरी भाषेत या नावाचा अर्थ 'भेट' असा आहे. परवान्याचे शुल्क नसल्यामुळेच तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या आमच्यासारख्यांना ती घेता आली. देवघेव आणि वर्गणीचे काम पहिल्याच महिन्यात सुरळीत झाले. खरा कस लागला तो तालिकेत, म्हणजे पुस्तके शोधण्याच्या सूचीत.

मी आधी दाखल नोंदवहीतील, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमाने नोंदतात त्या वहीतील, रकाने जसेच्या तसे संगणकात उतरवले होते. पोळा झाल्यावर एका शेतकरी सभासदाने विचारले, "भाऊ, पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचं पुस्तक आहे का जी?" मी 'पऱ्हाटी' टंकले, तर पडद्यावर एकही पुस्तक आले नाही. तीन पुस्तके माझ्या पाठीमागच्या कपाटातच होती. नोंदीत विषय लिहिला होता 'कापूस – कीड नियंत्रण'. आमचे आधीचे ग्रंथपाल असा प्रश्न ऐकताच उठून पुस्तक हातात देत, कारण वाचकाचा शब्द आणि तालिकापत्रावरचा (प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीच्या कार्डावरचा) शब्द यांच्यामध्ये ते स्वतः उभे असत. आता सभासद घरून मोबाइलवर तालिका पाहतो आणि तेथे मध्ये कोणीच नसते, म्हणून ग्रंथपालाच्या डोक्यात असलेले ज्ञान नोंदीतच उतरले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्याची सोय आहे. मार्क २१ या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींच्या ठरलेल्या पद्धतीत माहितीच्या प्रत्येक रकान्याला, म्हणजे क्षेत्राला, क्रमांक असतो; त्यातील ६५३ क्रमांकाच्या क्षेत्रात ठरावीक विषययादीबाहेरचे शब्द देता येतात. तेथे मी पऱ्हाटी, वावर, ढोरं असे शब्द भरतो. यातही 'ऱ' हे अक्षर नडते, कारण ते युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय संकेतपद्धतीमध्ये एकापेक्षा अधिक प्रकारे टंकता येते आणि डोळ्यांना सारखी दिसणारी दोन रूपे यंत्राला वेगळी वाटू शकतात. जुन्या पुस्तकांचा प्रश्न निराळा आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी छापलेल्या शीर्षकांत 'कांहीं', 'नाहीं' अशी रूपे आहेत, तर आजचा वाचक 'काही' शोधतो. अशा वेळी मूळ शीर्षक तसेच ठेवून पर्यायी रूप २४६ क्षेत्रात द्यावे लागते. टोपणनावांसाठी 'माणिक गोडघाटे : पाहा ग्रेस' हा तालिकापत्रांवरचा जुना दुवा येथेही देता येतो, आणि तो दिल्यावर मला फार समाधान वाटले.

वीज गेली की आमची तालिकाही बंद पडते, म्हणून दाखल नोंदवही अजून हातानेच लिहितो. तिच्याशेजारी आता एक दोनशेपानी वही ठेवली आहे. वाचकाने ज्या शब्दांत पुस्तक मागितले, ते शब्द तेथे जसेच्या तसे टिपले जातात आणि रविवारी दुपारी मी ते एकेका नोंदीत चढवतो.