लघवीच्या रिपोर्टमधली एक ओळ आणि तिच्यावर चाललेला धंदा

माझ्या दाजींच्या लघवीच्या रिपोर्टात जे छापले होते ते खरे होते, हे आधी सांगायला हवे. खोटा रिपोर्ट दाखवून पैसे उकळल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. इथे मात्र लॅब खरी होती, तपासणी नीट झाली होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू दिसले होते तेही खरोखरच दिसले होते. फसवणूक झाली ती त्या एका ओळीचा अर्थ सांगताना. दाजींना विचारून, गावाचे आणि माणसांचे नाव न घेता हे लिहीत आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले पुरुष पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक जण घरात कोणाजवळही बोलत नाहीत.

दाजी खानापूर तालुक्यातले शेतकरी, वय साठीला टेकलेले. मधुमेह जुना आहे. रात्री लघवीला वारंवार उठावे लागते म्हणून बेळगावच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासासाठी सिलोडोसिन या औषधाची कॅप्सूल सुरू केली होती आणि तिचा गुणही आला होता. पुढे मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत लघवीही तपासली गेली आणि रिपोर्टाच्या शेवटी ‘स्पर्मॅटोझोआ : प्रेझेंट’, म्हणजे शुक्रजंतू आढळले, असे आले. इंग्रजी रिपोर्ट शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने वाचून दाखवला. ‘लघवीतून धातू (म्हणजे वीर्य) जाते’ एवढाच त्याचा अर्थ दाजींच्या मनात उतरला आणि त्यांची झोप उडाली. बहिणीला त्यांनी काहीच सांगितले नाही.

एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी छापलेले ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ असे पत्रक त्यांना बसस्टँडजवळ मिळाले होते. त्या पत्त्यावर, एका लॉजच्या वरच्या मजल्यावरील खोलीत, आठवड्यातले ठरावीक वार एक जण बसत असे. भिंतीवर देवांचे फोटो होते; पदवीचे किंवा नोंदणीचे प्रमाणपत्र कुठेच नव्हते. तो अस्खलित मराठी बोलत होता, दाजींना ‘मामा’ म्हणत होता, चहा मागवत होता. सीमाभागात सरकारी कचेरीपासून बँकेपर्यंत भाषेसाठी अडलेल्या माणसाला आपल्या भाषेत मायेने बोलणारा भेटला की त्याच्यावर चटकन विश्वास बसतो, आणि ही मंडळी त्याचाच पुरेपूर फायदा घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याने रिपोर्ट पाहिला, मान हलवली आणि दाजींना तिथेच लघवीचा नमुना द्यायला लावले. काचेच्या नळीत ती लघवी ओतून त्याने नळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरला. थोड्याच वेळात स्वच्छ दिसणारी लघवी वरून दुधाळ झाली आणि पांढरे कण खाली बसू लागले. ‘मामा, हाडांतला सत्त्वांश असा चालला आहे,’ असे म्हणून त्याने ती नळी दाजींच्या हातात दिली. दाजी सांगतात की त्या क्षणी त्यांच्या पायांतले बळच गेले.

यामागचे रसायन साधे आहे. लघवीत फॉस्फेटचे क्षार असतात. लघवी आम्लधर्मी नसेल तर तापवल्यावर ते पांढरे होऊन वेगळे होतात आणि सौम्य ॲसेटिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकले की पुन्हा विरघळून लघवी स्वच्छ होते. आम्ल टाकूनही गढूळपणा राहिला तर प्रथिने जात असल्याची शंका घेतात. ही तपासणी लॅबमधले लोक पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. त्या माणसाने अर्धाच प्रयोग दाखवला आणि आम्लाची बाटली बाहेर काढलीच नाही. शुक्रजंतू तर डोळ्यांना दिसतच नाही. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढी असते. नळीत जे दिसले त्याचा आणि रिपोर्टातल्या त्या ओळीचा काही संबंध नव्हता.

त्यानंतर भस्माचा ‘कोर्स’ सुरू झाला. पहिल्या कोर्सचे साडेनऊ हजार रुपये झाले, पुढच्याचे त्याहून जास्त, आणि प्रत्येक वेळी ‘आता अर्धवट सोडलेत तर उलटेल’ अशी भीती घातली जाई. पावती मिळत नव्हती. पैसे मोबाईलवरून तिसऱ्याच माणसाच्या खात्यात जात होते. पुड्यांवर घटक, बनवणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक, तारीख यांपैकी काहीही नव्हते. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर हे सगळे असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि शिकलेला, नोंदणी असलेला वैद्य अशा पुड्या देत नाही. पण पैशांपेक्षा मोठे नुकसान दुसऱ्याच गोष्टीने झाले. ‘इंग्रजी गोळ्यांनी धातू पातळ होते’ असे सांगून त्याने मधुमेहाच्या गोळ्या आणि प्रोस्टेटची कॅप्सूल, दोन्ही बंद करायला लावली.

साखर वाढत गेली, तहान आणि थकवा वाढला, आणि तोही धातू जाण्याचाच परिणाम असल्याचे त्यांना सांगण्यात आले. मग एका रात्री लघवी पूर्ण अडली. ओटीपोट दगडासारखे घट्ट झाले, वेदनेने त्यांना बसता येईना, तेव्हा कुठे बहिणीचा मला फोन आला. गाडी करून बेळगावला नेले, तिथे लघवीची नळी घातली आणि दाजींनी श्वास सोडला. सकाळी डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली तेव्हा सगळी हकिकत बाहेर आली.

डॉक्टरांनी जे समजावले ते मी इथे सविस्तर देतो, कारण ते आधीच कळले असते तर त्या खोलीची पायरी चढण्याची वेळच आली नसती. वीर्यपतनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड, म्हणजे मूत्राशय आणि प्रोस्टेट यांच्या सांध्यावरचा स्नायू, घट्ट मिटतो आणि वीर्य बाहेरच्या दिशेने जाते. ते तोंड नीट मिटले नाही तर वीर्य उलट मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर बाहेर पडते. सिलोडोसिन आणि टॅमसुलोसिन ही औषधे लघवी मोकळी व्हावी म्हणून नेमका तोच स्नायू सैल करतात. त्यामुळे वीर्य कमी येणे, मुळीच न येणे किंवा उलट जाणे हा त्यांचा माहीत असलेला परिणाम आहे. सिलोडोसिनमध्ये तो जास्त आढळतो आणि औषध थांबवल्यावर सहसा जातो. दुसरे कारण मधुमेह: बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की त्या स्नायूला हुकूम देणाऱ्या नसा अशक्त होतात. दाजींच्या बाबतीत दोन्ही कारणे हजर होती. मूत्राशयात गेलेल्या वीर्याने शरीराला अपाय होत नाही, हाडे झिजत नाहीत आणि रक्तही कमी होत नाही.

याखेरीज प्रोस्टेटचे दुर्बिणीतून केलेले ऑपरेशन, मोठ्या आतड्याच्या खालच्या भागाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, मणक्याची इजा आणि काही मानसिक आजारांवरील औषधे यांमुळेही लघवीत शुक्रजंतू दिसू शकतात. आणि ज्याला यांतले काहीच नाही अशा धडधाकट तरुणाच्या लघवीतही, आदल्या रात्री संबंध आला असेल किंवा स्वप्नदोष झाला असेल, तर मूत्रमार्गात राहिलेले शुक्रजंतू उतरतात. तो आजार नव्हे. मूल होण्यात अडचण असेल आणि वीर्य फारच कमी येत असेल, तर मात्र या ओळीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. अशा वेळी वीर्यपतनानंतर लगेच केलेली लघवी मुद्दाम तपासतात, आणि गरज पडल्यास लघवीची आम्लता कमी करून तिच्यातले शुक्रजंतू वेगळे काढून गर्भधारणेसाठी वापरताही येतात. म्हणजे ज्या ओळीला ते लोक नामर्दपणाचा दाखला म्हणतात, तीच ओळ एखाद्या जोडप्याला वाट दाखवणारी ठरते.

धातू जाण्याची भीती आपल्याकडे जुनी आहे आणि तिने होणारा त्रास खराच असतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 साली या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. झोप न लागणे, अंगातले त्राण जाणे, कशात लक्ष न लागणे हे त्या माणसाला खरोखरच होत असते, आणि समजावून सांगणाऱ्या डॉक्टरकडे त्यावर उपचारही आहेत. म्हणून अशा माणसाला कोणी हसू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दाजी घरात बोलले नाहीत ते हसतील या भीतीनेच.

आम्ही तक्रार दिली. कर्नाटकात खासगी दवाखाना चालवायला 2007 च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाकडे त्याची तक्रार करता येते. गुप्तरोग आणि मधुमेह हमखास बरे करण्याच्या जाहिरातींना तर 1954 च्या केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे. दाजींजवळ पावती नव्हती, पण मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, ते पत्रक आणि उरलेल्या पुड्या होत्या. त्या पुड्या बहिणीने रागाने चुलीत टाकायला काढल्या होत्या, मी थांबवले. पुरावा म्हणून त्याच कामी आल्या. तपासणीला माणसे गेली तेव्हा लॉजची खोली रिकामी होती, आणि लॉजवाल्याने सांगितले की बाकीचे वार तो चंदगड, गडहिंग्लजकडे बसतो. तिकडे महाराष्ट्राची हद्द लागते, त्यामुळे तिकडच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्यावा लागला आणि तो दिला आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. दाजींची कॅप्सूल आणि मधुमेहाच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत आणि नळी काढली आहे. त्या पत्रकावरचाच मोबाईल नंबर मला परवा निपाणीच्या रस्त्यावरील एका भिंतीवर नव्या पत्त्यासह रंगवलेला दिसला. त्याचा फोटो दोन्हीकडच्या तक्रारींना जोडला आहे.