‘पोर्ट करून देतो’ म्हणाला आणि बाबांची अकरा वर्षं घेऊन गेला

ज्यांच्या घरात साठीपुढचं माणूस आहे त्यांनी हे वाचाच.

माझे बाबा ७३ वर्षांचे. साखर आणि बीपीच्या गोळ्या रोजच्या. आईबाबांची पाच लाखांची आरोग्य पॉलिसी २०१३ पासून एकही वर्ष न चुकता चालू होती. ऑगस्ट २०२४ मध्ये नूतनीकरणाचा हप्ता आला ५८,९४० रुपये. ज्या बँकेत बाबांची पेन्शन येते, तिथला विमावाला म्हणाला, “काका, पोर्ट करून देतो, ४१,२१६ मध्ये. आधीची सगळी वर्षं जमा धरतात.” पोर्ट म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेणं. तसं केल्यावर वर्षं जमा धरतात हे खरंच आहे. या माणसाने पोर्ट केलंच नाही, नवी कोरी पॉलिसी काढली.

फॉर्म त्यानेच त्याच्या टॅबवर भरला. बाबांच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यानेच घेतला. मग कंपनीचा पडताळणीचा कॉल. “आधीचा काही आजार?” बाबा डायबेटिस म्हणणार तेवढ्यात त्याने हात आडवा केला. “ते जुन्या पॉलिसीत नोंदलेलं आहे काका, परत सांगितलंत तर पोर्ट अडकेल. नाही म्हणा.” मी समोर बसले होते. त्याच क्षणी कळायला हवं होतं! नोंदलेलंच असेल तर लपवायचं कशाला? अजूनही रात्री तो आडवा हात डोळ्यांसमोर येतो. पण बँकेचं ओळखपत्र गळ्यात, बाबांची एफडी कधी पिकते तेही त्याला पाठ. अशा माणसावर कोण संशय घेणार? फॉर्मवर ईमेलसुद्धा त्याने स्वतःचाच टाकला होता, म्हणून पॉलिसी आमच्याकडे आलीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त कार्ड आलं. नको असलेली पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात, ते असेच गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. बिल ३,८६,४५०. कॅशलेस, म्हणजे कंपनीने थेट हॉस्पिटलला पैसे देणं, नाकारलं, कारण ‘पूर्वीचा आजार लपवला’. पुढच्याच महिन्यात पॉलिसीही रद्द. सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीत फसवणूक सिद्ध केल्याशिवाय या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. आमची अकरा वर्षं झाली होती. १७,७२४ रुपये वाचवण्याच्या नावाखाली त्याने नेमकं तेच संरक्षण काढून घेतलं.

हॉस्पिटलचं बिलही असंच. ‘कन्झ्युमेबल्स २८,७४०’, म्हणजे हातमोजे-सिरिंजसारख्या वापरून टाकायच्या वस्तू, खाली फोड काहीच नाही. तपशील मागितला तेव्हा एकाच डॉक्टरच्या एकाच दिवशी तीन व्हिजिट निघाल्या. भांडल्यावर ४,२०० कमी केले. पैसे भरायच्या आधी तपशीलवार बिल घ्या, नंतर कोणी दारात उभं करत नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणते, आम्ही फक्त विकतो, कंपनीकडे जा. कंपनी म्हणते, ओटीपी तुमच्या वडिलांचा, कॉलवर आवाज तुमच्या वडिलांचा. पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, ग्राहक मंचात जा. ऑनलाइन तक्रार टाकली, ती फिरून त्याच कंपनीकडे गेली आणि तिने तेच उत्तर चिकटवून बंद केली. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला ‘तुम्हीच खोटं बोललात’ असं लेखी देताना एकालाही काही वाटलं नाही. बाबांनी आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही हो!

आता विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला आहे. फी नाही, वकील लागत नाही, मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, की वर्षाच्या आत तिथे जा. मला हे कोणत्याही काउंटरवर कोणी सांगितलं नाही.

नवीन पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी सोडू नका. फॉर्मवर मोबाइल आणि ईमेल घरातलाच द्या. आजार विचारला तर प्रत्येक गोळीचं नाव सांगा, समोरचा कितीही खुणा करो.

तो माणूस आता दुसऱ्या शाखेत आहे, पेन्शनवाल्यांच्याच काउंटरशेजारी बसतो. आईवडिलांची पॉलिसी नुकतीच कोणी ‘पोर्ट’ करून दिली असेल, तर आज रात्रीच उघडा. आधीच्या पॉलिसीचा नंबर आणि पहिल्या विम्याची तारीख त्यात नसेल, तर उद्या सकाळी कंपनीला लेखी विचारा.