होंडा सिटीला रुंद चाकं: १३ महिने आणि १८ हजार किलोमीटरनंतर

टायर झिजले होते, एवढंच खरं कारण. बाकीचं सगळं मी स्वतःची समजूत घालायला रचलेलं होतं: रुंद टायरने ग्रिप वाढते, घाटात गाडी चिकटून चालते, ब्रेक लवकर लागतो. बायकोला यातलं शेवटचंच सांगितलं, कारण सुरक्षेचं नाव काढलं की आमच्या घरात खर्चावरून वाद होत नाही.

गाडी होंडा सिटी, २०१६ ची, पेट्रोल मॅन्युअल, व्ही व्हेरिअंट. कंपनीचे टायर १७५/६५ आर१५. मागून बघितलं की शेरवानीखाली स्लीपर घातल्यासारखी दिसायची. रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे. म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, त्यात निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अशा माणसाला रुंद चाकांची गरज काय, हा प्रश्न मला तेव्हा कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतल्या एका दुकानातून १६ इंची, साडेसहा इंच रुंदीचे अलॉय रिम आणि २०५/५० आर१६ टायर घेतले. रिमचा संच ३०,०००, टायर प्रत्येकी ८,९००. नट, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून ६८ हजारांना फोडणी. टायरची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वाहून जाते. फक्त दोन गोष्टी बघून घेतल्या होत्या. एक, रिमच्या मागे जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा ठसा आहे का. दोन, टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे, जे आठवडा आणि वर्ष सांगतात. माझ्या टायरवर ३८२४ होतं, म्हणजे २०२४ चा ३८ वा आठवडा. तीन महिन्यांचा माल, चांगला. पुढच्याच सप्टेंबरमध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. हे माझ्या नशिबाला धरूनच झालं.

मापाचा हिशोब दुकानात जाण्याआधी घरी करावा, कारण दुकानदार नेहमी "बसतंय साहेब" एवढंच म्हणतो. १७५/६५ मध्ये १७५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची कड; आर१५ म्हणजे १५ इंची रिम. चाकाचा एकूण व्यास येतो ६०८.५ मिमी. २०५/५० आर१६ चा येतो ६११.४. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास जिथल्या तिथे. "गाडी उंच होते" असं सांगणाऱ्याला विचारा की किती. या मापात दीड मिलिमीटर. कडेची उंची मात्र ११४ वरून १०२.५ वर आली. कागदावर ११ मिमी म्हणजे काहीच नाही. घोडबंदर रोडवर तेवढ्यानेच माझा घात केला, ते पुढे येईलच.

मी जे बघितलं नाही ते म्हणजे ऑफसेट, म्हणजे रिमची मधली रेषा आणि रिम गाडीला जिथे टेकतं ती जागा यांतलं मिलिमीटरमधलं अंतर. ते कमी झालं की चाक बाहेर येतं. नव्या रिमचा ४० आहे, मूळ रिमचा ५३. रिम एक इंचाने रुंद झालं आणि ऑफसेट १३ ने कमी झाला. परिणामी आतली कड होती तिथेच राहिली आणि बाहेरची कड जवळजवळ २६ मिमी बाहेर आली. उभी गाडी त्यामुळेच देखणी दिसते, सोसायटीतले लोक थांबून बघतात. पण चाक बाहेर गेलं की खड्ड्याचा प्रत्येक झटका स्टिअरिंगपर्यंत जास्त जोराने येतो आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो. पार्किंगमध्ये कौतुक झेलताना हे कळत नाही.

पहिल्याच आठवड्यात ८५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. दुकानाने दोनदा बॅलन्सिंग करून दिलं, थरथर कायम. "नवे टायर आहेत, बसतील हळूहळू" हेही ऐकून घेतलं. शेवटी कळव्याच्या एका जुन्या टायरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चाक उतरवलं, हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागावर, हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं रिम नटांवर लटकलंय. हबवर बसलेलंच नाही."

भानगड अशी. बाजारातल्या रिमचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, माझ्या रिमचं ७३.१ मिमी, म्हणजे एकच माल अनेक गाड्यांना खपतो. सिटीचं हब ५६.१ मिमीचं. मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनिअमची रिंग लागते, ती दुकानाने घातलीच नव्हती. त्याहून भयंकर प्रकार नटांचा. होंडाच्या मूळ नटाचं बूड गोलसर असतं. बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचं, ६० अंशांचं बूड लागतं. दुकानाने बिलात नट लावले आणि गाडीला मूळचेच ठोकले. गोल बूड शंकूच्या खोबणीत जेमतेम एका रेघेवर टेकतं आणि असा नट चालत्या गाडीत ढिला होऊ शकतो. मी त्याच चाकांवर घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जाऊन आलो होतो. काकांनी रिंगा घातल्या, योग्य नट लावले, टॉर्कच्या पान्याने १०८ न्यूटन-मीटरला घट्ट केले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्यायला बोलावलं. थरथर त्याच दिवशी गेली.

निघताना जुने चार नट माझ्या हातात ठेवले. "डिकीत टाका. स्टेपनी कंपनीची आहे ना? तिला हेच लागणार." जुलैमध्ये राबाळ्याजवळ पंक्चर झालं तेव्हा भर पावसात त्यांचे शब्द आठवले. एवढी साधी गोष्ट कुठल्याही जाहिरातीत लिहिलेली नसते.

आता चांगलं काय ते सांगतो, कारण चांगलं आहेच. कोरड्या रस्त्यावर गाडी बदलली. द्रुतगती मार्गावर लेन बदलताना मागचा भाग क्षणभर उशिरा येतोय असं आधी वाटायचं, ते गेलं. बोरघाटातल्या वळणांवर स्टिअरिंग जिथे धरलं तिथेच गाडी राहते. अटल सेतूवर शंभरला बाजूचा वारा लागतो तेव्हाही ती कमी डगमगते. जोरात ब्रेक मारला की एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, पूर्वीपेक्षा उशिरा जागं होतं, म्हणजे टायर जास्त वेळ पकडून ठेवतोय.

समृद्धीवर आमण्याहून शिर्डीला जाऊन आलो. तिथे मात्र दुसरी बाजू दिसली. काँक्रीटवर रुंद टायरचा आवाज घुमतो आणि इगतपुरीच्या बोगद्यात तर मागच्या सीटशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. रस्त्यावर लांबलचक खाच असेल तर गाडी तिच्या मागे ओढली जाते, दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदरवर डांबर आणि काँक्रीट यांचे सांधे आडवेतिडवे आहेत. तिथे हा त्रास रोजचा.

मायलेज. पूर्वी शहरात १३ मिळायचं, आता पावणेबारा. हायवेला १८ होतं, आता साडेसोळा. व्यास जवळपास तोच असल्यामुळे ओडोमीटर फसवत नाहीये, घट खरी आहे. कारण काकांच्या दुकानातल्या वजनकाट्यावर सापडलं: टायरसकट मूळ चाक साडेचौदा किलो, नवं अठरा. चार चाकांचे मिळून १४ किलो. हे डिकीतलं वजन असतं तर जाणवलंही नसतं. पण चाकाचं वजन गाडीला नुसतं वाहायचं नसतं, दर सिग्नलला फिरवायचं असतं आणि दर सिग्नलला थांबवायचं असतं. माजिवड्याच्या पुलाखाली दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्वी झटकन उचलायची, आता आधी विचार करते. स्वस्त ओतीव रिम जड असतात, हलके हवे असतील तर किंमत दुप्पट-तिप्पट होते.

पावसाळा हाच खरा परीक्षक. २०२५ चा पाऊस २६ मेलाच येऊन थडकला आणि ठाण्यात खड्ड्यांचा हंगाम लवकर सुरू झाला. आधी पाण्याचं सांगतो. हवेचा दाब तोच ठेवला तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारण तेवढाच राहतो, त्याचा आकार फक्त बदलतो. अरुंद टायरचा लांबट, रुंद टायरचा आडवा. आडव्या भागाला समोरून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. घणसोलीच्या आसपास रस्त्यावर पाण्याचा थर असताना ७० ला स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काही लागेचना. जुन्या टायरांवर त्याच जागी, त्याच वेगात असं कधी झालं नव्हतं. तेव्हापासून साचलेलं पाणी दिसलं की ५० च्या खाली.

मग खड्डा. जुलैची रात्र, पातलीपाड्याच्या पुढे, पाण्याने भरलेला म्हणून न दिसलेला. आवाज असा आला की पोरगी मागे झोपेतून उठून बसली. सकाळी बघतो तर पुढच्या डाव्या रिमची आतली कड वाकलेली आणि टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. फुगा म्हणजे आतले धागे तुटले, त्या टायरला दुरुस्ती नाही. नवा टायर ९,१००. रिम तुर्भ्यात तापवून सरळ करून घेतलं, १,२०० रुपये. तापवलेल्या रिमवर पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही म्हणून ते आता मागे आहे. विम्यात टायर-रिमचं संरक्षण घेतलेलं होतं. पण बदललेलं रिम पॉलिसीत नोंदवलं नव्हतं, म्हणून पैसे खिशातून. ती चूक माझीच. बसवल्या दिवशी बिलासकट विमा कंपनीला कळवा, थोडा हप्ता वाढेल पण वाद उरणार नाही. कायद्याचंही एक वाक्य: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना मनाई करतं. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर ते कुणालाही लांबून दिसतं. माझं काठावर आहे.

गणपतीला गावी निघालो. पाच माणसं, डिकी फुल्ल, मखराचं सामान वेगळं. टायरात दोन पौंड हवा जास्त भरली होती तरी पेणच्या पुढे मागून खर्रर्र आवाज सुरू झाला. दर स्पीडब्रेकरला, दर उंचवट्याला. आईला वाटलं मखर फाटतंय. माणगावच्या गर्दीत उतरून बघितलं तर मागचा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासत होता, रबरावर चकचकीत पट्टा पडलेला. एरवी दोघं बसतो तेव्हा हे कधीच होत नाही, म्हणून नऊ महिने कळलं नाही. पुढचा सगळा प्रवास चाळीसने, आणि मागचे ट्रक हॉर्न देतायत. परत आल्यावर डेंटरकडून ती कड आत वळवून घेतली. घासणं थांबलं, पण वळवलेल्या जागी रंगाला बारीक तडे गेलेत आणि तिथे गंज धरेल ही धास्ती आता दर पावसाळ्याला. ऑफसेट ४५ च्या पुढचा घेतला असता तर बहुधा हे काहीच झालं नसतं.

या सगळ्यात नेरूळच्या मेहुण्याची गोष्ट मला जास्त टोचते. त्याचीही तीच गाडी, एक वर्ष नवी. त्याने रिमला हातही लावला नाही. मूळच्याच १५ इंचीवर १९५/६० आर१५ चढवले, माझ्याच कंपनीचे, चार टायरांचे २५ हजार. व्यास ६१५ मिमी, फरक एक टक्का, आणि कंपनीच्या साडेपाच इंची रिमवर हे माप बसतं. कडेची उंची ११७, म्हणजे मूळपेक्षाही तीन मिमी जास्त. नोव्हेंबरमध्ये आठवडाभर आम्ही गाड्या बदलून चालवल्या. पामबीचवर त्याची गाडी माझ्याइतकी घट्ट वाटली नाही, ऐंशी टक्के म्हणा. पण खड्डे ती कितीतरी मऊपणे गिळत होती, सिग्नलला हलकी उठत होती आणि मायलेज त्याचं अर्ध्या किलोमीटरनेच उतरलंय. म्हणजे मला जी सुधारणा वाटत होती त्यातली बहुतेक चांगल्या रबराची होती, आणि जो त्रास होतोय तो बहुतेक रिमचा आहे. जेवताना हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण भावजी, दिसते तुमचीच." त्याला टोमणा मारायचा होता की खरंच तसं वाटत होतं, माहीत नाही. मला मात्र ते आवडलं, हे नाकारत नाही.

टायर दर सहा-सात हजारांवर मागेपुढे बदलतो. नव्याची नक्षी साडेसात मिमी खोल होती, आता पुढे पाच उरलीय. कायद्याची मर्यादा १.६, पण ठाण्याच्या पावसात तीनच्या खाली मी जाणार नाही. म्हणजे अजून एक पावसाळा, फार तर दीड.

मूळचे रिम विकले नाहीत. बाल्कनीत एकावर एक ठेवलेत, वर बायकोने तुळशीची कुंडी ठेवलीय. परवा काकांकडे हवा भरताना १९५/६० चा भाव विचारला. घरी येऊन म्हटलं, वर्षभरात हे रिम लागतील बहुतेक. ती म्हणाली, "मग कुंडीसाठी स्टँड आत्ताच आण."