खान्देश गॅझेटियरचं पुनर्मुद्रण : प्रत आली की आधी नकाशा उघडा

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथांचा, बारावा खंड, खान्देश, १८८०. मागणीनुसार छापून देणाऱ्यांकडे तो आता सहज मिळतो. मजकूर इंटरनेटवर फुकट असताना कागदी प्रत कशाला? भिल्ल आणि इंग्रज सरकार यांचं नातं शोधायचं असेल तर घ्यावीच, कारण ते एका जागी लिहिलेलंच नाही. लोकवस्ती, इतिहास, जमीन महसूल, न्यायखातं आणि शेवटचं गावांचं प्रकरण अशी पाच ठिकाणी बोटं घालून वाचावं लागतं. मोबाइलवर ते जमत नाही.

घेताना छायाप्रत मागा, म्हणजे मूळ पानांच्या स्कॅनवरून जशीच्या तशी छापलेली. नव्याने टाइप केलेली आवृत्ती स्वस्त पडते, पण आकड्यांत घात करते. मूळ पुस्तकात रक्कम आधी पौंडांत आणि मग कंसात रुपयांत आहे, एका पौंडाला दहा रुपये या हिशेबाने. यंत्राने वाचताना पौंडाच्या खुणेचा कधी आठ होतो, कधी ती गळतेच. कंसातल्या रुपयांना दहाने भागा. उत्तर पौंडांच्या आकड्याशी जुळलं नाही तर ती ओळ वापरू नका.

छायाप्रतीचं दुखणं वेगळं. पानं शिवलेली नाहीत, नुसती चिकटवलेली. मधोमध उघडलं की कणा करकरतो आणि तक्त्यांचा आतला रकाना घडीत बुडतो. घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन झाला असेल, तर छापात सातपुड्याचा एक कोपरा आणि बाकी कागदाची पाठ. प्रत हातात येताच आधी हे पाहा, परतीची मुदत थोडी असते.

आता मजकूर. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे आला, कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे कारभार. पहिली काही वर्षं डोंगरात फौजा घालण्यात गेली. १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात धोरण पालटलं: भिल्ल एजन्स्या (भिल्लांसाठी नेमलेले इंग्रज अधिकारी), तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, कसायला पडीक जमीन, जुन्या गुन्ह्यांना माफी आणि भिल्ल पलटण. पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम तेव्हा बावीस वर्षांचा, ठाणं धरणगाव. गॅझेटियर हे सगळं 'बंदोबस्त झाला' या चालीवर सांगतो, त्या चालीला भुलू नका. भिल्ल नाईक घाट राखत आणि त्याबद्दल हक्क घेत. साहेबांच्या कागदात जी लूट म्हणून येते, त्यातली काही या थकलेल्या हक्काची वसुली होती. म्हणून गिरास (नाईकांचा जुना रोख हक्क) आणि घाटराखणीच्या नेमणुकांच्या ओळी आउट्रमच्या शिकारकथांपेक्षा सावकाश वाचाव्यात. कोणत्या नाईकाला खजिन्यातून किती रोकड, हे तिथे कळतं. त्या नाईकाचं म्हणणं मात्र कुठेच नाही.

नावं शोधताना फजिती होते. खाज्या नाईक, सेंधव्याचा घाट राखणारा आणि १८५७ मध्ये उठलेला, इंग्रजी कागदांत कजरसिंग म्हणूनही येतो. काठी, तीच राजवाडी होळीची, मेहवाशी संस्थानांत, म्हणजे सातपुड्यातल्या भिल्ल प्रमुखांच्या छोट्या संस्थानांत, सापडेल. धुळे 'धुलिया' आहे. मालेगाव, बागलाण इथे शोधू नका. १८६९ साली ते नाशिक जिल्ह्यात गेले, त्यांच्यासाठी सोळावा खंड लागेल. शिरगणतीचे आकडे १८७२ चे आहेत आणि जिल्हा अखंड, म्हणजे आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार एकत्र. पूर्व-पश्चिम फाळणी १९०६ ची. आजच्या तालुक्याशी थेट तुलना केली की हिशेब फसतो.

वनकायदा १८७८ चा, पुस्तक त्यानंतर दोनच वर्षांनी आलेलं. जंगलाच्या पानांवर सरकारी खुशी भरपूर दिसेल. भिल्लांची लाकूड-मोहाची वहिवाट कुठे तुटली, ते दप्तरखान्यातल्या कागदांतच हुडकावं लागेल.

नंदुरबारच्या शाळा-महाविद्यालयांनी एक छायाप्रत ठेवायला हरकत नाही. फक्त होळीवर चार ओळी लिहायच्या असतील, तर हा खर्च करू नका.