महासाथीच्या काळातील आमची मंडळी : उपासना आणि सेवाकार्याचे एका सभासदाने केलेले परीक्षण

एखाद्या चर्चचे परीक्षण लिहावे की नाही, याविषयी माझ्या मनात बरेच दिवस संकोच होता. उपासना ही काही पैसे मोजून घ्यायची वस्तू नव्हे, आणि ज्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहात, आपण वर्षानुवर्षे बसत आलो तिच्याकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहणे सोपेही नसते. मात्र कोविडच्या महासाथीत जवळजवळ दीड वर्ष ही उपासना माझ्या घरी पडद्यावरून येत होती, ती मध्येच बंद करण्याचे बटण माझ्या बोटाखाली होते आणि खरे सांगायचे तर काही रविवारी मी ते दाबलेही. त्यामुळे त्या काळात मंडळीने सभासदांना आणि आसपासच्या लोकांना नेमके काय दिले आणि ती कोठे कमी पडली, हे लिहायला हरकत नसावी असे मला वाटते. मंडळी प्रॉटेस्टंट परंपरेतील, मध्यम आकाराची आहे. तिचे नाव मी मुद्दामच देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले, तेव्हा आमच्याकडे पुनरुत्थान रविवारच्या (ईस्टरच्या) गीतांचा सराव चालू होता. सरकारी आदेशाची वाट न पाहता कार्यकारी समितीने चर्चचे दरवाजे बंद केले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. संकटाच्या वेळीच देवाचे घर बंद कसे करता, असे विचारणारे ज्येष्ठ सभासद होते आणि त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. सर्वांत उशिरा ऐकले ते गायकवृंदाने. अंतर ठेवून उभे राहिलो तर गायला काय हरकत आहे, हा त्यांचा मुद्दा, आणि तो तेव्हा कोणालाच धड खोडता येईना. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका गायकवृंदाचे ६१ जण १० मार्च रोजी चर्चच्या सभागृहात अडीच तास सरावाला जमले होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. ही बातमी आमच्यापर्यंत पोहोचल्यावर सरावाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पहिल्या काही आठवड्यांची ऑनलाइन उपासना मात्र, स्पष्टच सांगायचे तर, वाईट होती. यूट्यूबवर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायचे तर वाहिनीला किमान एक हजार वर्गणीदार असावे लागत, आणि आमच्या वाहिनीला शंभरही नव्हते. म्हणून शनिवारी चित्रीकरण करून रविवारी सकाळी ते प्रसारित करण्याचा मार्ग निवडला गेला. ही तांत्रिक अडचण समजण्यासारखी होती. समजण्यासारखे नव्हते ते एवढेच की रिकाम्या बाकांसमोर उभे राहून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, नेहमीच्याच चढ्या आवाजात, जणू शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावे म्हणून, चाळीस मिनिटांचे प्रवचन करीत होते. मध्येच उजवीकडे पाहून हसायचे, कारण एरवी तिकडे संडे स्कूलची मुले बसतात. त्याच सुमारास, २७ मार्च रोजी, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर चौकात पावसात केलेली प्रार्थना जगाने पाहिली होती. तो चौकही रिकामाच होता, पण ते रिकामेपण कोणी लपवले नव्हते. त्या प्रार्थनेचे बळच त्यात होते. आमच्याकडे रिकामेपण झाकण्याची धडपड चालली होती आणि ती पडद्यावर दिसत होती.

सुधारणा झाली ती पुनरुत्थान रविवारनंतर, आणि तीही योजून नव्हे. पाळकांच्या घरात कोणाला तरी ताप आला, कुटुंबाला घराबाहेर पडता येईना, म्हणून त्या रविवारी त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसून उपासना घेतली. मागे भांड्यांची मांडणी दिसत होती, आवाज खाली आला होता आणि प्रवचन पंधरा मिनिटांत आटोपले. इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे सर्वांत वरिष्ठ धर्माधिकारी, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनीही १२ एप्रिलच्या त्या ईस्टरची उपासना आपल्या स्वयंपाकघरातून घेतली होती आणि त्यावर बरीच टीकाही झाली होती. माझे मत विचाराल तर पडद्यावरची उपासना घरातून घरात गेली तरच ऐकवते. त्या दिवसानंतर मी बंद करण्याचे बटण क्वचितच दाबले.

पुढे झूमवरही उपासना होऊ लागली. विनामूल्य खात्याला चाळीस मिनिटांची मर्यादा असल्यामुळे आशीर्वचनाच्या मध्यावर सगळे एकदम बाहेर फेकले जाण्याचा प्रसंग दोनदा आला आणि मग समितीने खाते विकत घेतले. झूमवरचा एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना, सर्वांनी मिळून म्हणावी म्हणून पाळकांनी सगळ्यांचे आवाज खुले करायला सांगितले. प्रत्येकाचे शब्द वेगवेगळ्या वेळी पोहोचत होते. कोणी ‘रोजची भाकर’ या ओळीपाशी होते, कोणी अजून पहिल्याच ओळीत, आणि त्यात एका घरातल्या कुकरची शिट्टी. प्रार्थना संपली असे वाटेपर्यंत आणखी दोन-तीन ‘आमेन’ उशिरा येऊन थडकले. पुढच्या आठवड्यापासून सर्वांचे आवाज बंद ठेवून एकाच मुलाने किंवा मुलीने ती म्हणायची असे ठरले. व्यवस्था नीट झाली हे खरे, पण त्या गोंधळात जी माणसे आहेत असे वाटत होते, ती मला त्या नीटनेटकेपणात पुन्हा भेटली नाहीत.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, बाबतीत मंडळीची कामगिरी गुळमुळीत राहिली. रोमन कॅथलिक चर्चने अशा वेळी आध्यात्मिक सहभागितेची जुनी प्रथा पुढे केली, म्हणजे भाकर प्रत्यक्ष न घेता ती स्वीकारण्याची इच्छा प्रार्थनेतून व्यक्त करायची. प्रॉटेस्टंट पंथांमध्ये यावर एकमत नव्हते. काहींनी घरोघरी भाकर व द्राक्षरस समोर ठेवून पडद्यावरून प्रभुभोजन घेण्यास मोकळीक दिली, तर काहींनी मंडळी प्रत्यक्ष जमेपर्यंत थांबणेच योग्य मानले. आमच्या मंडळीने तीन महिने काहीच न बोलता काढले आणि नंतर एका शनिवारी रात्री संदेश पाठवला, की उद्या प्रत्येकाने आपापल्या घरी भाकरीचा तुकडा व पेला तयार ठेवावा. हे का योग्य आहे, काल का नव्हते आणि आज कसे झाले, याचे स्पष्टीकरण एका ओळीचेही नाही. माझ्या आईने उपासना संपल्यावर विचारले, “उरलेल्या तुकड्याचं काय करायचं?” चर्चमध्ये हा प्रश्न तिला साठ वर्षांत कधी पडला नव्हता, कारण ते काम दुसरे कोणीतरी करीत असे. मी तो प्रश्न मंडळीच्या गटावर टाकला. उत्तर आले नाही. शेवटी आम्ही दोघांनी तो तुकडा अर्धा अर्धा खाल्ला.

आता ज्या गोष्टीसाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले तिच्याकडे येतो. टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात समितीच्या सचिवांनी सभासदांची नोंदवही काढली, साठीपुढचे आणि एकटे राहणारे सभासद वेगळे केले आणि ती यादी चौदा जणांत वाटून दिली. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या दहा-बारा जणांना आठवड्यातून दोनदा फोन करायचा. फोनवर काय बोलायचे याच्या सूचना अर्ध्या पानात मावल्या होत्या, आणि त्या ज्याने लिहिल्या त्याला माणसांची जाण असली पाहिजे : आधी औषधे संपली आहेत का ते विचारावे, मग ऐकावे, सल्ला देऊ नये, आणि समोरच्याने म्हटले तरच शेवटी प्रार्थना करावी.

आईला फोन करणारा मुलगा महाविद्यालयात शिकणारा होता. त्याने पुढे मला आपली वही दाखवली. आईच्या नावापुढे लिहिले होते : ‘डावा कान. मोठ्याने. साडेचारनंतर.’ ऐकण्याचे यंत्र आई उजव्या कानात लावते आणि त्यातून फोनवर नुसती शिट्टी ऐकू येते, हे त्याने पहिल्याच फोनवर ताडले होते. आम्हा घरच्यांना ते कळायला वर्ष लागले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी आई सव्वाचारलाच केस विंचरून फोनजवळ खुर्ची ओढून बसायची. “आजी, गोळ्या घेतल्या का?” असे त्याने विचारले की “आधी तू जेवलास का ते सांग,” हे तिचे उत्तर ठरलेले. पडद्यावरची उपासना तिने कधी पूर्ण पाहिली नाही, तिला ती दूरदर्शनच्या बातम्यांसारखी वाटे. पण तिच्या लेखी मंडळी आठवड्यातून दोनदा भरत होती. हे काही आमच्याच मंडळीला सुचले होते असे नाही. इंग्लंडच्या चर्चने इंटरनेट नसलेल्यांसाठी एप्रिल २०२० मध्ये चोवीस तास चालणारी विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली होती, तीवर गीते आणि प्रार्थना ऐकता येत. मात्र ध्वनिमुद्रित प्रार्थनेला डावा कान कोणता हे ठाऊक नसते.

शिधावाटपाचे काम चांगले झाले, पण सुरुवात वादाने झाली. मदत सभासदांपुरती न ठेवता परिसरातील कोणत्याही कुटुंबाला द्यायची, हा निर्णय योग्यच होता. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र प्रत्येक पिशवीत धान्याबरोबर सुवार्तेची (येशूच्या संदेशाची) पत्रिकाही घातली जात होती. तरुण संघातील एका मुलीने पिशव्या भरायला साफ नकार दिला. भुकेल्या माणसाला पत्रिका नको म्हणता येत नाही, म्हणून ती देणे हा दबाव आहे, असे तिचे म्हणणे. त्यावर समितीची बैठक लांबली, सुवार्ता सांगणे सोडायचे का असाही प्रश्न आला, आणि अखेर पत्रिका काढून टाकण्यात आली. मी मुलीच्या बाजूचा आहे.

स्वयंसेवकांच्या सुरक्षेची काळजी मात्र पहिल्यापासून चोख होती. १५२७ मध्ये जर्मनीतील विटेनबर्गला प्लेग आला असताना प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर गाव सोडून गेला नाही. पण जेथे आपली गरज नाही तेथे जाऊन रोग पसरवू नये, औषध टाळू नये, आणि शेजाऱ्याला गरज असेल तेथे मात्र जावे, असे त्याने लिहून ठेवले. पाळकांनी ते बैठकीत समजावून सांगितले आणि त्यातूनच नियम निघाले : जोडीने जायचे, पिशवी उंबऱ्यापाशी ठेवून मागे सरायचे, घरात वृद्ध असलेल्याने बाहेरचे काम घ्यायचे नाही.

सर्वांत गंभीर चूक प्रार्थनेच्या यादीची. आजारी सभासदांसाठी प्रार्थना व्हावी म्हणून त्यांची नावे, रुग्णालय आणि तपासणीचे निकालही मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर येऊ लागले, आणि तेथून ते कोठवर गेले याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या घरमालकाला त्यांच्या आजाराची बातमी त्यांच्या आधी कळली. तक्रार झाल्यावर केवळ पहिले नाव लिहिण्याचा नियम आला, पण जाहीर दिलगिरी कोणी व्यक्त केली नाही.

चर्चचे मोकळे आवार वर्षभर रिकामे राहिले, हेही खटकते. १५७६ च्या प्लेगमध्ये इटलीतील मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या होत्या, म्हणजे घरात अडकलेल्यांना खिडकीतून मिस्सा (कॅथलिक उपासना) दिसावा. घराबाहेर संसर्गाचा धोका कमी असतो हे २०२० मध्येच पुरेसे स्पष्ट झाले होते आणि नियमही सैल होत होते. तरी आमच्याकडे आवारातली पहिली उपासना व्हायला दुसरे वर्ष उजाडले.

दरवाजे पूर्ण उघडले तेव्हा समितीने दोन नवे कॅमेरे घेतले, भिंतीवर मोठा पडदा लावला, आणि वार्षिक अहवालात प्रक्षेपणाला एक पूर्ण पान मिळाले. फोनचा त्यात उल्लेख नाही. सगळ्यांना प्रत्यक्ष येता येते म्हणून ते काम थांबवले, असे मला सांगण्यात आले. चर्चच्या पायऱ्या अकरा आहेत आणि आई तीनच्या वर चढू शकत नाही, हे मी सांगितले. त्यावर प्रक्षेपणाची लिंक पुन्हा पाठवण्यात आली. त्या चौदा वह्यांचे काय झाले, असे मी सचिवांना विचारले तेव्हा त्या कार्यालयातल्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे ते पाहावे लागेल, असे ते म्हणाले.