प्रौढांसाठीचा बॅले वर्ग : वर्षभराहून अधिक काळानंतरचे मत (शिकवणे उत्तम, जमीन वाईट)

नव्या तिमाहीच्या शुल्काचे बिल हातात आले आणि त्यात ‘फ्लोअर मेंटेनन्स’ या नावाखाली 600 रुपयांचा स्वतंत्र आकार लावलेला दिसला, म्हणून बरेच दिवस लांबणीवर टाकलेला हा अभिप्राय आता लिहीत आहे. पुण्यातील या वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण व्यवस्थापनाशी माझा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय चाळिशीत बॅले शिकू पाहणाऱ्यांना मला जे सांगायचे आहे, त्यासाठी नावाची गरजही नाही. आधी बार (आधाराची आडवी दांडी) धरून प्लिए (गुडघे वाकवणे), तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणे), राँ द जांब (पायाने अर्धवर्तुळ काढणे), मग हॉलच्या मध्यभागी तोल आणि गिरक्या, आणि शेवटी उड्या, हा तासाचा क्रम बहुतेकांना ठाऊक असेल, तेव्हा त्याचे वर्णन करत बसत नाही.

मी व्यवसायाने बांधकामांची बिले तपासते. त्यामुळे पहिल्या चाचणी तासाला इतर जण आरशाकडे आणि भिंतीवरच्या पोस्टरांकडे पाहत होते, तेव्हा मी बूट काढून टाचेने जमीन ठोकून पाहिली. खाली पोकळी असेल तर आवाज बोदा येतो आणि पायाखाली किंचित लवचीकपणा जाणवतो. इथे तो ठणठणीत आला. काँक्रीटचा स्लॅब, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल आणि त्यावर राखाडी व्हिनाइलचे पट्टे थेट अंथरलेले, इतकाच तो मामला होता. दिसायला अगदी परदेशातल्या स्टुडिओसारखे, कारण वरचा थर तोच असतो. फरक असतो तो न दिसणाऱ्या थरांत. नृत्यासाठीच्या जमिनीत व्हिनाइलखाली प्लायवूड आणि त्याखाली आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा फोमचे ठोकळे असावे लागतात, म्हणजे उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पटींनी जो आघात होतो, त्यातला काही भाग जमीन स्वतःकडे घेते. स्लॅब काहीच घेत नाही. सगळे नडगीला, घोट्याला आणि टाचेमागच्या शिरेला सोसावे लागते.

तरीही मी प्रवेश घेतला. घरापासून जवळ, संध्याकाळी साडेसातची वेळ, आणि एका तासाचा दर शहरातल्या योगवर्गांपेक्षा फार जास्त नाही, हा हिशेब मला पटला. शिकवणाऱ्या मिस चांगल्या आहेत हेही पहिल्याच तासात कळले होते. पहिले दोन महिने काही त्रास झाला नाही, कारण आमच्या तुकडीला उड्या जवळजवळ नव्हत्याच. तासाच्या शेवटी आठ सोते (दोन्ही पायांवरच्या सरळ उड्या), कधी चार शाँज्माँ (हवेत पायांची अदलाबदल करणाऱ्या उड्या), की लगेच नमस्कार. याबद्दल माझी तेव्हा तक्रारच होती. पूर्ण शुल्क भरायचे आणि तासाचा सर्वांत आनंदाचा भाग पाच मिनिटांत उरकायचा, हे मला खटकत असे, आणि पहिल्या तिमाहीच्या अभिप्राय-अर्जात मी तसे स्पष्ट लिहिलेही होते.

मग मधे एका महिन्यासाठी बदली शिक्षक आले. उत्साही, तरुण, उड्यांचे शौकीन. त्यांनी वीस-वीस मिनिटे उड्या दिल्या आणि आम्ही सर्वांनी त्यांचे कौतुक केले. तिसऱ्या आठवड्यात माझी उजवी नडगी आतल्या कडेने दुखू लागली; आधी फक्त उड्यांनंतर, मग जिना उतरताना, मग सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवतानासुद्धा. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला तो जमीन कसली आहे हा. पाय बरा होईपर्यंत उड्या पूर्ण बंद आणि काही आठवडे विश्रांती, असे त्यांनी लिहून दिले. मिस परत आल्यावर त्यांना हे सांगितले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “या जमिनीवर मी आठच्या वर सोते देत नाही, ताई. लहान मुलींनाही नाही.” म्हणजे जो कंजूषपणा वाटत होता, ती काळजी होती. तेव्हापासून माझे मत असे आहे की वाईट जमिनीवर कमी उड्या देणारा शिक्षक हा चांगला शिक्षक, आणि चांगली जमीन नसताना भरपूर उड्या देणाऱ्यापासून, तो कितीही लोकप्रिय असला तरी, दोन हात दूर राहावे.

विश्रांतीच्या काळातले तास पुढे ढकलून द्यावेत अशी विनंती केली, तर उत्तर आले की तिमाहीचे तास तिमाहीतच संपवावे लागतात, वैद्यकीय कारण असले तरी. मी फिजिओथेरपिस्टचे पत्र जोडले, इजेचे कारण जमीन असल्याचे लिहिले, सोबत जमिनीच्या थरांचे छोटे रेखाचित्रही काढून दिले. रेखाचित्राला उत्तर मिळाले नाही. पत्राला मिळाले, ते असे की अर्धे तास पुढच्या तिमाहीत मिळतील, पण फक्त सकाळच्या तुकडीत. सकाळी मी कामाच्या साइटवर असते, हे त्यांना माहीत होते.

जमिनीचा दुसरा दोष उड्यांहून सूक्ष्म आहे आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. बॅलेत दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवायचे असतात, आणि ते वळण खुब्यातून यायला हवे. बहुतेक प्रौढांना खुब्यातून दोन्ही पायांचे मिळून काटकोनाच्या आसपास वळण मिळते. चित्रांतल्या सरळ रेषेइतके क्वचितच. पण व्हिनाइल चिकट असले की माणूस चवडे बाहेर रोवतो, जमीन ते घट्ट धरून ठेवते, आणि खुबा देत नाही ते वळण गुडघा आणि घोटा पिळून काढले जाते. आरशात छान दिसते. प्लिए करताना गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत न येता आत पडतात, तेव्हा खरे कळते. पावसाळ्यात हाच पट्टा कधी दमट होऊन घसरडा होतो, कधी पुसल्यावर इतका चिकटतो की पिरुएटच्या (एका पायावरच्या गिरकीच्या) वेळी अंग फिरते आणि चवडा जागीच अडकतो. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर लावलेली टेप दर पंधरवड्याला उचकटते आणि तिची कड नेमकी मधल्या रांगेत उभ्या असणाऱ्यांच्या बुटाला लागते. ही टेप मी स्वतः दोनदा चिकटवली आहे, स्वतःच्या पैशांच्या टेपने.

आता मत बदलण्याची दुसरी बाब. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलो तर अर्धा हॉल उचललेला होता. फोमचे ठोकळे, त्यावर 12 मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता बसवलेले, आणि त्यावर नवे व्हिनाइल. मी कडेला गुडघ्यावर बसून सांधे पाहिले. काम व्यवस्थित होते आणि भिंतीपाशी लाकूड फुगण्यासाठी मोकळी फटही ठेवलेली होती, जी आपल्याकडचे सुतार हमखास विसरतात. त्या भागावर पहिल्यांदा सोते केले तेव्हा जाणवलेला फरक शब्दांत सांगण्यासारखा आहे: खाली आल्यावर आवाज कमी येतो, टाच सावकाश टेकते, आणि पुढची उडी घेण्यासाठी पोटरीला धडपड करावी लागत नाही. नडगी तेव्हापासून दुखलेली नाही. व्यवस्थापनाला याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र अर्ध्याच हॉलला का, याचे उत्तर ‘बजेट’ असे मिळाले, आणि म्हणून आज आमची पूर्ण तुकडी बार जुन्या भागात करते आणि उड्यांसाठी चार-चारच्या गटाने नव्या भागात रांग लावते. उरलेला वेळ उभे राहण्यात जातो, आणि उभे राहिलेल्या वेळाचेही पैसे मोजलेले असतात.

गेल्या काही महिन्यांपासून रविवारच्या नवशिक्या तुकडीला मी मिसच्या हाताखाली शिकवते. त्या बदल्यात माझे निम्मे शुल्क माफ आहे, हे इथे सांगून टाकणे योग्य. निम्मे माफ करून 600 रुपये वर लावणे हे कोणत्या बुद्धीचे लक्षण, ते मला ठाऊक नाही. पण शिकवू लागल्यावर शिकण्याविषयीची बरीच समज बदलली. लहान मूल पाहून नक्कल करते. मोठी माणसे आधी कारण विचारतात, आणि कारण पटले नाही तर पाय हलत नाही. त्यामुळे टाच जमिनीला टेकलेली ठेवा असे नुसते न सांगता, टाच न टेकता खाली आल्यास पोटरी आणि नडगी दोन्ही ताणल्या जातात हे सांगावे लागते. बार बोटांनी हलका टेकायचा असतो, पण पहिल्या दिवशी प्रत्येक जण तो पीएमपीच्या बसमधल्या दांडीसारखा पकडतो. अशा वेळी मी त्यांना मधेच हात उचलायला सांगते. डगमगले की वजन कुठे होते ते त्यांचे त्यांनाच कळते, मला बोलावे लागत नाही. अंगाला हात लावून दुरुस्ती करण्यापूर्वी विचारते, कारण समोरची व्यक्ती अनेकदा माझ्याहून वयाने मोठी असते आणि काहींना ते आवडत नाही.

वळण तपासण्याची जी रीत मिसनी मला दाखवली, ती मी सर्वांना पहिल्याच तासाला करायला लावते. पाय समांतर, गुडघे ताठ, वजन टाचांवर घेऊन चवडे किंचित उचलायचे, आणि मांड्या खुब्यातून बाहेर फिरवून चवडे जिथे जातील तिथे अलगद ठेवायचे. जो कोन मिळेल तो तुमचा. रविवारच्या एका काकूंना, वय साठीच्या पुढे, यात फारच थोडा कोन मिळाला, त्या खट्टू झाल्या. पण त्याच कोनात त्यांनी महिनाभर काम केले आणि आज त्यांचे रलेवे (टाचा उचलून चवड्यांवर उठणे) तुकडीत सर्वांत स्थिर आहे. शेजारी उभी राहणारी तिशीतली मुलगी अजून व्हिनाइलच्या जोरावर पाय सरळ रेषेत उभे करते आणि गुडघ्याला पट्टा बांधून येते. तिला मी दर रविवारी सांगते.

पुण्यात असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. कथक नर्तिका रोहिणी भाटे यांनी 1947 साली नृत्यभारती ही संस्था सुरू केली तेव्हापासून या शहरात कथक घरोघरी पोहोचले आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रौढ स्त्रियांपैकी बऱ्याच जणी लहानपणी काही वर्षे कथक शिकलेल्या असतात. त्यांची लय पक्की असते, गिरकीत नजर एका बिंदूवर ठेवण्याची सवय असते, म्हणून त्यांना पिरुएट सोपा जाईल असे वाटते. प्रत्यक्षात कथकची चक्कर टाचेवर फिरते आणि पिरुएट चवड्यावर, त्यामुळे ऐन क्षणी त्यांचे वजन मागे जाते. तत्कारात (कथकच्या पायांच्या ठेक्यांत) तळवा सपाट आणि आवाज खणखणीत लागतो; इथे उडीनंतर बोटे, चवडा, टाच या क्रमाने निःशब्द उतरायचे असते. भरतनाट्यम शिकलेल्यांना अर्धमंडीमुळे (गुडघे वाकवून अर्धे बसण्याच्या स्थितीमुळे) गुडघे बाहेर ठेवणे जमते, पण त्या खाली जाऊन तिथेच थांबतात, आणि प्लिए थांबत नाही. हे नीट समजावले की या मंडळी इतरांपेक्षा लवकर पुढे जातात.

वयाविषयी विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. मिस्टी कोपलंड यांनी तेराव्या वर्षी बॅले सुरू केले आणि त्याला उशीर म्हटले गेले. 2015 मध्ये त्या अमेरिकन बॅले थिएटरच्या प्रमुख नर्तिका झाल्या. तेव्हा व्यावसायिक होण्याचे गणित आपल्यासाठी नाही, ते सोडून द्यावे. पण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने 2017 मध्ये 55 वर्षांवरील लोकांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाचे वर्ग सुरू केले आहेत, म्हणजे पाया घालणाऱ्या संस्थांनाही प्रौढ विद्यार्थी ही थट्टेची बाब वाटत नाही. आमच्या वर्गाच्या जाहिरातीत मात्र पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे बूट) घातलेली मुलगी आहे आणि ‘सहा महिन्यांत’ असे काहीतरी लिहिले आहे. मिस कोणालाही सहा महिन्यांत पॉइंटवर चढवत नाहीत. एका पायावर, गुडघा ताठ ठेवून, बारचा आधार जवळजवळ न घेता सलग रलेवे करून दाखवा, मग बोलू, असे त्यांचे उत्तर असते. जाहिरात लिहिणारे आणि शिकवणाऱ्या यांची कधी भेट होत नसावी.

बुटांवर फार खर्च करू नये. नवशिक्यांनी सलग तळाचे कॅनव्हासचे बूट घ्यावेत. दुभंगलेल्या तळाचे पाय सुंदर दाखवतात, पण सलग तळ पायाच्या स्नायूंकडून जास्त काम करून घेतो. कॅनव्हास घरी धुता येतो. इलॅस्टिक तुळशीबागेतून आणून स्वतः शिवावे, दुकानदार त्याचे निष्कारण वेगळे पैसे लावतात.

माझे पाचापैकी गुण द्यायचे तर शिकवण्याला साडेचार, व्यवस्थापनाला दोन, जमिनीला अर्ध्या भागात चार आणि उरलेल्या अर्ध्यात शून्य. 600 रुपयांच्या आकाराबद्दल मी लेखी विचारले आहे की हा पैसा जुन्या भागाखाली प्लायवूड घालण्यासाठी जमा होणार असेल तर तसे पावतीवर लिहावे, आणि नसेल तर टेप वर्गानेच आणावी. उत्तर येईपर्यंत तिमाही न भरता मी महिन्याचे शुल्क भरले आहे. दर तासामागे थोडे महाग पडते, पण न वापरलेले तास बुडण्याची भीती राहत नाही. रविवारचे काम चालूच ठेवले आहे. नव्याने चौकशी करणाऱ्यांनी फोनवर शुल्क विचारण्याआधी एकदा येऊन बूट काढून जमीन ठोकून पाहावी, दोन्ही अर्ध्या भागांत, आणि मग तुकडीत किती जण आहेत ते विचारावे.